कोटचा बिघाड पुन्हा पुन्हा का येतो, आणि तो मुळापासून कसा काढायचा

आधी लक्षणं

खालच्यापैकी एखादी गोष्ट तुमच्या वेबसाइटवर दिसत असेल तर बाकी काहीही उघडण्याआधी कोडमधली अवतरणचिन्हं, म्हणजे कोट, तपासा.

- बटण दिसतं, पण दाबलं की काहीच होत नाही. मेन्यू उघडत नाही, फोटोंची पट्टी सरकत नाही, फॉर्म जात नाही.
- ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लाल अक्षरांत ‘इनव्हॅलिड ऑर अनएक्स्पेक्टेड टोकन’ येतं. फायरफॉक्समध्ये ‘इल्लीगल कॅरेक्टर’ असं येतं.
- लिंक दाबली की पान सापडत नाही आणि पत्त्याच्या पट्टीत नावाच्या आगेमागे टक्क्याच्या चिन्हांची रांग लागलेली असते.
- मराठी फॉन्ट नीट जोडलाय, फाइलही जागेवर आहे, तरी पानावर दुसराच फॉन्ट दिसतो. एरर कुठेच नाही.
- पीएचपीचं (सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेचं) पान पांढरंफटक, किंवा वर ‘अनडिफाइन्ड कॉन्स्टंट’ची तक्रार.
- मजकुरात अवतरणाच्या जागी टोपीवाला रोमन ए, युरोचं चिन्ह आणि आणखी एक भलतंच अक्षर.
- कोडमध्ये कोट हवा तिथे चक्क ‘ट’ उमटतो.
- टीममध्ये कुणी एक ओळ बदलतो आणि गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) सांगतं की अख्खी फाइल बदलली.

शेवटचं लक्षण वेगळं वाटेल, पण ते याच घरातलं आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

नाशिकमधल्या छोट्या धंद्यांच्या वेबसाइट सांभाळणं हे माझं रोजचं काम. द्राक्ष निर्यात करणारे, येवल्याचे पैठणीवाले, पंचवटीतले लॉज, सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणारे, अशी सगळी मंडळी. कोटचा बिघाड दुरुस्त करणं मिनिटाचं काम आहे. पण पंधरा दिवसांनी तोच फोन परत येतो, कारण फाइल दुरुस्त होते आणि चुकीचे कोट ज्या वाटेने आत येतात ती वाट उघडीच राहते. म्हणून इथे दुरुस्तीपेक्षा वाटेबद्दल जास्त लिहिलंय.

कोड नेमका कशावर अडतो

कोडला तीनच कोट कळतात. एकेरी ' , दुहेरी " आणि कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात एस्केपखाली असणारा बॅकटिक ` . युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या यादीत त्यांचे क्रमांक अनुक्रमे ३९, ३४ आणि ९६. हे क्रमांक १९६० च्या दशकातल्या आस्की या इंग्रजी अक्षरसंचापासून चालत आलेत. छपाईतले वळलेले कोट मात्र चार आहेत: ‘ ’ “ ” . त्यांचे क्रमांक ८२१६, ८२१७, ८२२० आणि ८२२१. डोळ्याला फरक नखाएवढा दिसतो, संगणकाच्या लेखी ही सात पूर्णपणे वेगळी अक्षरं आहेत.

वळलेल्या कोटांचं मला वावडं नाही. मराठी मजकुरात तेच शोभतात, आणि वाचकाला दिसणाऱ्या वाक्यात ते असलेच पाहिजेत. ते कोडच्या जागी शिरले की घोटाळा होतो, आणि प्रत्येक भाषा त्या घोटाळ्याला वेगळं तोंड देते. हे एकदा समजून घेतलं की लक्षण पाहूनच कोणती फाइल उघडायची ते कळतं. ही ओळ घ्या:

शहर = “नाशिक”;

जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेत चलाचं, म्हणजे ज्यात मूल्य ठेवतात त्याचं, नाव देवनागरीत चालतं, त्यामुळे ‘शहर’ला हरकत नाही. अडचण पुढच्या अक्षराची. वळलेला कोट या भाषेच्या व्याकरणात कुठेच बसत नाही, म्हणून ब्राउझर तिथेच थांबतो. आणि फक्त ती ओळ सोडून देत नाही, ती अख्खी फाइलच चालवायला नकार देतो. म्हणून चूक फोन नंबरच्या ओळीत असते आणि बंद पडतो मेन्यू.

पीएचपी जास्त फसवी आहे. तिथे आस्कीपलीकडचं कुठलंही अक्षर नावात चालतं, आणि वळलेला कोट हे तसंच एक अक्षर. त्यामुळे पीएचपीला वरचं “नाशिक” हे कोटांसकट एका स्थिरांकाचं, म्हणजे न बदलणाऱ्या मूल्याचं (कॉन्स्टंट), नाव वाटतं. जुन्या सातव्या आवृत्तीत ती नुसती कुरकुर करायची आणि त्या नावालाच मजकूर समजून पुढे जायची. पानावर कोटांसकट “नाशिक” छापलं जायचं आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. २०२० मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून इथे थेट एरर येते आणि काम थांबतं. होस्टिंगवाल्याने पीएचपी बदलली आणि वर्षानुवर्षं चालणारं पान रात्रीत पांढरं झालं, यामागे बऱ्याचदा हे कारण निघतं. कोड कुणीच बदललेला नसतो, म्हणून मालक शपथेवर सांगतात की आम्ही हात लावला नाही, आणि ते खरंच असतं.

एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा लिहिण्याची भाषा, एरर देतच नाही. टॅगच्या गुणधर्मात वळलेले कोट आले तर ब्राउझर समजतो की इथे कोट दिलेलेच नाहीत, आणि ती वळलेली चिन्हं मूल्याचाच भाग धरतो. म्हणून लिंक ‘संपर्क’ पानाऐवजी ‘“संपर्क”’ पानावर जाते, आणि असं पान जगात नसतं. मूल्यात मोकळी जागा असेल तर दुसरा शब्द वेगळाच गुणधर्म ठरतो आणि पानाचा आकार विस्कटतो.

पानाचं रूप ठरवणारी सीएसएसही गप्प बसते. फॉन्टचं नाव वळलेल्या कोटांत दिलं की ती कोटांसकट नावाचा फॉन्ट शोधते, तो मिळत नाही आणि ती यादीतल्या पुढच्या फॉन्टवर जाते. जेसन या माहिती लिहिण्याच्या साच्यात तर निवडच नाही, तिथे फक्त सरळ दुहेरी कोट चालतो. सरळ एकेरीसुद्धा नाही.

पहिली तपासणी: कीबोर्ड कोणत्या भाषेत आहे

खर्च शून्य, वेळ दोन सेकंद. स्क्रीनच्या कोपऱ्यात मराठी चालू आहे का ते पाहा. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत कोटाच्या कळीवर ‘ट’ असतो आणि शिफ्टसोबत ‘ठ’. मराठी मजकूर टाइप करून लगेच कोडकडे वळलं की पहिल्या कोटाच्या जागी ट उमटतो. तो दिसतो तरी, म्हणून लगेच सापडतो.

न दिसणारे भाऊबंद जास्त छळतात. अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग पडला तर डोळ्याला ‘:’ आणि ‘ः’ जवळपास सारखेच दिसतात, पण सीएसएसची ती ओळ बाद होते. उभ्या रेघेच्या जागी दंड, रोमन अंकांच्या जागी देवनागरी अंक, हे त्यातलेच प्रकार. रुंदी ‘१००’ लिहिली तर वाचणाऱ्याला कळते, ब्राउझरला नाही. कोड लिहिताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवायचा आणि मराठी वाक्यं वेगळी टाइप करून आणायची, ही सवय लावून घ्या.

दुसरी: कन्सोल उघडा आणि ओळ क्रमांक वाचा

संगणकावर वेबसाइट उघडून एफ-१२ दाबा, कन्सोल निवडा आणि पान परत लोड करा. पहिली लाल ओळ महत्त्वाची, त्याखालच्या बहुतेक तिच्याच पोटच्या असतात. उजवीकडे फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक असतो, त्यावर क्लिक केलं की ओळ समोर येते.

ही तपासणी आधी करायची कारण ती बिघाडाची जागा ठरवते. कन्सोल स्वच्छ असेल तर जावास्क्रिप्ट सोडा आणि एचटीएमएल, सीएसएसकडे वळा. एक खूण लक्षात ठेवा: सरळ एकेरी किंवा दुहेरी कोट उघडून बंद करायचा राहिला तर एरर त्याच ओळीवर येते, कारण असा मजकूर पुढच्या ओळीवर जाऊ शकत नाही. बॅकटिक उघडा राहिला तर तो ओळीमागून ओळी गिळत जातो आणि एरर बऱ्याचदा फाइलच्या पार शेवटी दिसते. तेव्हा शेवटची ओळ न्याहाळत बसू नका, वर जा.

तिसरी: कोट पुसून स्वतः टाइप करा

संशयाच्या ओळीतले दोन्ही कोट पुसा आणि कोड एडिटरमध्ये, कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून, हाताने परत टाइप करा. कॉपी-पेस्ट करू नका, नाहीतर तोच कोट परत येईल. एडिटरमध्ये अक्षरं मोठी करून पाहिली तर उघडणारा आणि बंद होणारा कोट वेगळ्या बाजूला झुकलेले दिसतात. सरळ कोट दोन्हीकडे एकसारखा असतो.

पिंपळगावच्या एका द्राक्ष बागायतदारांचा ऐन निर्यातीच्या हंगामात फोन आला होता. “दादा, दुबईची पार्टी म्हणते चौकशीचा फॉर्म जातच नाही. काल तर चालत होता.” काल काय बदललं विचारलं तर म्हणाले, “काही नाही हो, पुतण्याने फक्त फोन नंबर बदलला.” पुतण्याने तो मोबाइलवरूनच, होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन बदलला होता. नंबर अगदी बरोबर होता. पण जुना मजकूर कोटांसकट पुसून त्याने परत टाइप केला होता, आणि आयफोनने दोन्ही बाजूंचे कोट गुपचूप वळवून टाकले होते. दोन अक्षरं बदलली आणि फॉर्म सुरू झाला. त्यापेक्षा मोलाचं काम नंतरचं होतं. पुतण्याच्या फोनमधली ती सोय बंद करणं, आणि नंबर एका साध्या सेटिंगच्या पानावरून बदलता येईल अशी व्यवस्था करून देणं, म्हणजे त्याला कोडमध्ये शिरायची गरजच पडणार नाही.

चौथी: सगळ्या फाइलींमध्ये शोधा

एक वळलेला कोट सापडला की त्याचे सोबती असतातच, कारण तुकडा एकाच वेळी आणि एकाच जागेवरून पेस्ट झालेला असतो. व्हीएस कोडसारख्या एडिटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबा, रेग्युलर एक्स्प्रेशनचं, म्हणजे नमुन्याने शोधण्याचं, बटण चालू करा आणि शोधाच्या चौकटीत हे टाका:

[“”‘’]

हे एवढंसं सूत्र चारही वळलेले कोट सगळ्या फाइलींतून काढून देतं. सारखी दिसणारी आणि अदृश्य अक्षरं व्हीएस कोड चौकट घालून दाखवतोही, पण केवळ त्या चौकटींवर विसंबू नका, शोध घ्याच.

आता सर्वांत महत्त्वाचं: सगळं एकदम बदला हे बटण दाबू नका. आपल्या फाइलींत मराठी वाक्यंही असतात, आणि त्यांतले वळलेले कोट बरोबर असतात. तेही सरळ झाले तर दोन नुकसानं होतात. मजकूर बिघडतो, आणि दुहेरी कोटांत बांधलेल्या वाक्यात आतून सरळ दुहेरी कोट आला की ते वाक्य मध्येच तुटतं. म्हणजे एक एरर काढायला जाऊन दहा नव्या. प्रत्येक सापडलेली जागा डोळ्याने पाहा आणि मग बदला.

अदृश्य अक्षरांबद्दल याहून जास्त सांभाळा. पेस्ट केलेल्या कोडमध्ये न तुटणारी मोकळी जागा, क्रमांक १६०, किंवा शून्य रुंदीची जागा, क्रमांक ८२०३, लपलेली असते आणि ती काढलीच पाहिजे. पण ‘सगळी अदृश्य अक्षरं साफ करा’ असं सांगणारं एखादं साधन मराठी फाइलवर चालवलंत तर ८२०५ क्रमांकाचा जोडक, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, सोबत जातो. मराठीतला डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा अर्धा र लिहिताना अनेक कीबोर्ड तोच वापरतात. तो गेला की त्र्यंबकच्या ‘दऱ्या’ पानावर ‘दर्या’ होतात आणि लग्नाच्या ‘आचाऱ्यांना’ दिलेलं आमंत्रण ‘आचार्यांना’ जातं. एरर येत नाही, कुणी कळवतही नाही, आणि वेबसाइटचं मराठी कायमचं बिघडतं. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण इंग्रजी वेबसाइटसाठी लिहिलेल्या सफाईच्या सूचना आपल्याकडे जशाच्या तशा लावल्या जातात.

पाचवी: वाट शोधा

फाइल नीट झाली. आता हा कोट आला कुठून ते विचारा. वाटा मोजक्याच आहेत.

वर्ड. टाइप करता करता सरळ कोट वळवणं ही तिथे आपोआप चालू असलेली सोय आहे. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, आणि तिथल्या ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ या पट्टीत ती बंद करता येते. गूगल डॉक्समध्ये टूल्समधल्या प्रेफरन्सेसमध्ये ‘यूज स्मार्ट कोट्स’. मॅकवर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनपुट सोर्सच्या एडिटमध्ये. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, तिथे ‘स्मार्ट पंक्च्युएशन’. पत्रं लिहिणाऱ्याने ही सोय जरूर ठेवावी. ज्या माणसाच्या हातून कोडचा एक तुकडा जरी जातो, त्याने मात्र बंद करावी, किंवा कोड वर्डमध्ये ठेवणंच सोडावं.

व्हॉट्सॲप ही आपल्याकडची सर्वांत रुळलेली वाट. “सर, कोड पाठवलाय, टाकून द्या.” मेसेजमधल्या ताऱ्यांमधला मजकूर तिथे ठळक दिसतो, अधोरेषांमधला तिरका होतो आणि बॅकटिक गायब होतात. फोनच्या कीबोर्डने कोट आधीच वळवलेले असतात. कोड मेसेज म्हणून पाठवायचाच नाही, फाइल म्हणून पाठवायचा, डॉक्युमेंटमध्ये जोडून. एवढा एक नियम पाळला तरी निम्मे फोन बंद होतात.

सहावी: वर्डप्रेस असेल तर

वर्डप्रेस पान दाखवताना मजकुरातले सरळ कोट स्वतःच वळवतं. डेटाबेसमध्ये सरळ, पानावर वळलेला. म्हणून संपादकाच्या चौकटीत सगळं बरोबर दिसतं आणि बाहेर चुकतं. कोडसाठी असलेल्या टॅगमधला, तसंच स्क्रिप्ट आणि स्टाइल टॅगमधला मजकूर ते सोडून देतं. तेव्हा पानात दाखवायचा कोड साध्या परिच्छेदात न लिहिता कोडच्या ब्लॉकमध्ये ठेवा, आणि चालवायचा कोड कस्टम एचटीएमएलच्या ब्लॉकमध्ये. फॉर्म दिसण्याऐवजी चौकटी कंसातली ओळ जशीच्या तशी दिसत असेल किंवा चुकीचाच फॉर्म येत असेल तर त्या शॉर्टकोडमधले कोट हाताने परत टाइप करा. ही वळवण्याची सोय पूर्ण बंद करण्याचा कोडही मिळतो. मी तो टाकत नाही, कारण त्याने मराठी लेखांतले चांगले कोटही जातात.

कॉन्फिगरेशनच्या फाइलीत पासवर्ड लिहिताना एकेरी कोटच वापरा. पीएचपी दुहेरी कोटांतला मजकूर उलगडून पाहते. पासवर्डमध्ये डॉलरचं चिन्ह आणि त्यापुढे अक्षर असेल तर ते चलाचं नाव समजून त्या जागी रिकामं टाकते. पासवर्ड डोळ्याला शंभर टक्के बरोबर दिसतो आणि डेटाबेस मात्र दार उघडत नाही.

सातवी: कोटांच्या आत कोट

इथे सगळे कोट सरळ असतात, तरी मोडतं. एकेरी कोटांत बांधलेल्या मजकुरात एकेरी कोट आला की मजकूर तिथेच संपतो. कॉलेज रोडजवळच्या डि'सूझा कॉलनीचा पत्ता इंग्रजीत लिहिला की हे हमखास घडतं, कारण नावातच एकेरी कोट आहे. सातपूरकडच्या व्यावसायिकांकडे दुहेरी कोट येतो तो इंचाच्या रूपाने: २" व्हॉल्व्ह, ३/४" नळी. फोटोच्या वर्णनात ते टाकलं की दुहेरी कोटांतला गुणधर्म इंचाच्या खुणेवर बंद होतो आणि उरलेलं वर्णन टॅगमध्ये सांडतं. मालाची यादी सीएसव्हीतून (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलीतून) चढवताना तर रकानेच सरकतात, आणि किंमत वजनाच्या खान्यात जाऊन बसते.

उपाय भाषेप्रमाणे वेगळा. जावास्क्रिप्टमध्ये आतल्या कोटाआधी उलटी तिरपी रेघ द्या किंवा बाहेर दुसरा कोट वापरा. सीएसव्हीत मजकूर दुहेरी कोटांत बांधून आतला कोट दोनदा लिहायचा असतो. मालाच्या नावात ‘इंच’ हा शब्द लिहिणं सर्वांत सोपं आणि गिऱ्हाइकालाही वाचायला बरं. मराठी वाक्य असेल तर आत वळलेले कोट वापरा. ते कोडच्या कोटांशी भांडत नाहीत आणि दिसायलाही बरोबर असतात.

याच पत्त्याचा आणखी एक त्रास: एकाने फोनवरून वळलेल्या कोटाने लिहिला, दुसऱ्याने संगणकावर सरळ कोटाने. यादीत एकच कॉलनी दोनदा येते आणि शोधल्यावर अर्धेच ग्राहक सापडतात. साठवण्याआधी दोन्ही एकाच रूपात आणणारी ओळ डेव्हलपरकडून टाकून घ्या.

आठवी: एन्कोडिंग

टोपीवाला ए आणि युरो दिसत असतील तर कोट बरोबर आहे, वाचणारा चुकतोय. युटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत, वळलेला कोट तीन बाइटचा असतो. ते तीन बाइट जुन्या विंडोज पद्धतीने एकेक करून वाचले की तीन भलती अक्षरं होतात. पानाच्या सुरुवातीलाच कॅरेक्टर सेट युटीएफ-८ असल्याचं सांगणारा टॅग आहे का पाहा. तो पहिल्या १०२४ बाइटांच्या आत असावा लागतो. मग एडिटरच्या खालच्या पट्टीत फाइल कोणत्या एन्कोडिंगमध्ये जतन झालीय ते पाहा. देवनागरी अक्षरंही तीन बाइटचीच असतात, त्यामुळे मराठी स्वच्छ आणि फक्त कोट बिघडलेले असतील तर पान ठीक आहे आणि तेवढा तुकडाच बाहेरून बिघडून आलाय. तो पुसून परत टाइप करा, पुढे खणू नका.

नववी: टीममध्ये एकच शिस्त

आता गिटच्या त्या लक्षणाकडे. जावास्क्रिप्टमध्ये एकेरी आणि दुहेरी कोटांच्या कामात काही फरक नाही. म्हणून प्रत्येक जण आपल्या सवयीने लिहितो, प्रत्येकाचा एडिटर जतन करताना आपल्या सवयीने बदलतो, आणि खरा बदल शेकडो खोट्या बदलांखाली गाडला जातो. बिघाड कुणाच्या बदलाने झाला हे शोधणं तिथे अशक्य होतं. एकसारख्या शैलीचा आग्रह मी याच कारणासाठी धरतो.

कोणता कोट, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. गूगलची जावास्क्रिप्टची नियमावली एकेरी म्हणते, जेक्वेरी या जावास्क्रिप्टच्या तयार कोडसंचाची दुहेरी म्हणते, आणि दोन्हीकडचा कोड उत्तम चालतो. प्रेटियर हा फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारं साधन, काही न सांगता लावलं तर दुहेरी कोट करतं, एका सेटिंगने एकेरी. एक ठरवा, ती सेटिंगची फाइल प्रकल्पातच ठेवा, म्हणजे नव्या मुलाने प्रकल्प उतरवला की नियम सोबत येतो. सांगून, फळ्यावर लिहून हे टिकत नाही. कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या ईएसलिंटचे कोटांसारखे मांडणीचे नियम २०२३ मध्ये मूळ साधनात जुने ठरवून वेगळ्या पॅकेजकडे दिले गेले, तेव्हा जुने लेख वाचून सेटिंग करू नका.

क्रम मात्र पाळा. फॉरमॅटर वळलेले कोट सरळ करत नाही. जावास्क्रिप्टची फाइल त्याला वाचताच येत नाही, आणि एचटीएमएलमध्ये तो वळलेल्या कोटाला मूल्याचाच भाग समजतो. म्हणून आधी चौथ्या तपासणीतला शोध, मग फॉरमॅटर. सगळ्या फाइली एकदाच फॉरमॅट करून तो बदल स्वतंत्र कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या वेगळ्या नोंदीत, टाका, त्यात दुसरं काही मिसळू नका. २०१९ मधल्या २.२३ आवृत्तीपासून गिटला असं एखादं कमिट ‘ही ओळ कुणी लिहिली’ या शोधातून वगळायला सांगता येतं.

मराठी वेबसाइटसाठी एक व्यवस्था मनापासून सुचवतो. सगळी मराठी वाक्यं एका वेगळ्या भाषेच्या फाइलीत काढा. मग बाकी कोडमध्ये वळलेला कोट दिसला की तो चूकच, असं बिनधास्त म्हणता येतं, आणि कमिट होण्याआधी त्या चार अक्षरांचा शोध घेऊन थांबवणारी छोटी तपासणी लावता येते. ही वाट बंद झाली की बिघाड परत येत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

फॉर्ममध्ये एकेरी कोट टाकल्यावर पानावर डेटाबेसची एरर दिसत असेल तर त्याच दिवशी डेव्हलपरला बोलवा. याचा अर्थ बाहेरच्या माणसाने लिहिलेला मजकूर थेट डेटाबेसच्या आज्ञेत मिसळतोय, आणि त्याच भोकातून कुणीही ग्राहकांची यादी काढून नेऊ शकतो. फॉर्ममध्ये कोट टाइपच करू न देणं हा त्यावरचा उपाय नाही.

मराठीच्या जागी डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं साठलेली असतील तर हात आखडा. ती अक्षरं गेलेली असतात, आणि टेबलचं एन्कोडिंग बदलायचा घाईघाईचा प्रयोग उरलेलीही घालवतो. जुना बॅकअप हाच मार्ग, आणि तो जाणकारानेच परत आणावा.

पैसे भरण्याचं पान, बॅकअप नसलेली चालू वेबसाइट आणि कॉन्फिगरेशनच्या फाइली यांना दुकान उघडं असताना हात लावू नका. पीएचपीच्या फाइलीच्या डोक्यावर कोटांमध्ये अर्थहीन अक्षरांची लांबलचक माळ दिसली आणि ती तुम्ही किंवा तुमच्या माणसाने लिहिलेली नसेल, तर तिचे कोट दुरुस्त करत बसू नका. ती घुसखोरी असू शकते. पासवर्ड बदला आणि होस्टिंगवाल्यांना कळवा.

पहिल्या आठ तपासण्या झाल्या आणि एरर तशीच आहे, तर बिघाड बहुधा कोटांचा नाही. त्यापुढे अंदाजाने ओळी बदलत गेलात तर येणाऱ्या माणसाला आधी तुमचे बदल निस्तरावे लागतात. त्याला या गोष्टी तयार द्या: एररचा पूर्ण मजकूर कॉपी केलेला, पानाचा पत्ता, शेवटचा बदल कुणी आणि कशावरून केला, पीएचपीची आवृत्ती, आणि ती फाइल झिप करून.